पॅनमनच्या बदल्यात गेलेला गडी

लढाईच्या वर्षांत माझं राहात्यातलं सायकलचं दुकान नावालाच उघडं असायचं. टायर मिळत नव्हते, ट्यूबा मिळत नव्हत्या. लोक जुन्या टायरात चिंध्या कोंबून सायकली चालवत. चिंध्या वाटेत बाहेर आल्या की माझ्याकडे येत आणि मी त्या परत कोंबून द्यायचो. वडील गेल्यावर दुकान माझ्या अंगावर पडलं होतं. दुकानासमोर एक लांब बाक होता. त्यावर बसायला सायकल असावीच लागते असं नव्हतं. हुतुतूचं वेड असलं की पुरे होतं.

आता त्याला कबड्डी म्हणतात आणि त्याचे नियम छापून येतात. तेव्हा आम्ही हुतुतू म्हणायचो. बाजारतळामागच्या मोकळ्या जागेत फक्कीने रेघा मारल्या की झालं मैदान. गावातली पोरं शेतातून, दुकानातून सुटून संध्याकाळी तिथं यायची. तो संघ कुणी काढला, कधी काढला, कुणालाच नीट सांगता यायचं नाही. तो गावाचा होता, एवढंच.

बाकावर रोज येणारे तिघं. एक हवालदार, पलटणीतून पायाला गोळी लागून परत आलेले. दुसरे मळेवाले काका, पाटाच्या पाण्यावर ऊस करणारे आणि तो ऊस कारखान्याला घालणारे. तिसरे शाळेतले गुरुजी, जे स्वतः कधी मैदानात उतरले नव्हते पण प्रत्येक सामन्याचा निवाडा करायचे. चौथा मी. माझे हात ग्रीसमध्ये असायचे, पण कान बाकाकडेच.

जवळच्या खाजगी साखर कारखान्याच्या मॅनेजरांनी एकदा आमचा सामना पाहिला. त्यांना खेळाची हौस होती. त्यांनी निरोप धाडला की संघ कारखान्याला द्या. पोरांना कारखान्यात कामं लावतो, बनियन देतो, कुंपण घातलेलं मैदान देतो.

बाकावर त्यावर मोठा वाद झाला. हवालदारांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "एकदा दुसऱ्याचा पोशाख अंगावर चढला की मग त्येचा हुकूम बी ऐकावा लागतो. मी ऐकून आलोय."

काका हसले. "पोरं उपाशीपोटी दम घेत्यात हवालदार. पोटाला लागलं तर वाईट काय हाय त्यात?"

गुरुजींनी काकांची बाजू घेतली. मीही घेतली. आम्ही चौघांनी हो म्हटल्याने किंवा नाही म्हटल्याने काही अडणार नव्हतं, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. पोरं कधीच जायला तयार झाली होती.

पहिली दोन वर्षं फार चांगली गेली. त्या संघात एक चढाईचा गडी होता. त्याची आई फुलांचे हार करून गुरुवारी शिर्डीला विकायला नेत असे, बाप लहानपणीच गेलेला. पोरगा अंगाने शिडशिडीत, बघणाऱ्याला वाटावं की हा काय खेळणार. पण मधली रेघ ओलांडून तो पलीकडे गेला की त्याचा 'हुतुतूतूतू' असा एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज सुरू व्हायचा आणि मैदानाभोवतीची माणसं बोलायची थांबायची. तो पळायचा नाही. डाव्या पायावर किंचित झुकून उभा राहायचा, जणू तिकडेच निघालाय, आणि समोरचा त्या बाजूला हलला रे हलला की उजवीकडून हात लावून परत. गडी मेला. समोरच्याला आपण मेलो हे कळायलाही वेळ लागायचा. आमचे लोक तेवढ्यासाठी चालत, बैलगाडीने, चिंध्या भरलेल्या सायकलींवरून कुठं कुठं जायचे.

नगरच्या हिवाळी सामन्यांत आम्ही ढाल जिंकली तेव्हा आम्ही चितळी स्टेशनवर उतरून गाणी म्हणत राहात्यापर्यंत चालत आलो होतो. त्या दिवशी हवालदारही म्हणाले, "न्हाई, कारखान्याचं चांगलंच झालं."

मग ते मॅनेजर बदलून गेले आणि नवे आले.

नव्या साहेबांना खेळाचं काही नव्हतं. त्यांनी संघाचं बघायला हिशेबखात्यातला एक कारकून नेमला. हा कारकून पोरांना सरावाला सोडायचा तो पाळी संपल्यावर, अंगात जीव नसताना. कोपऱ्यात उभं राहणाऱ्या दांडग्या गड्याला त्यानं मधे आणलं आणि मधल्या हलक्या पोराला कोपऱ्यात. कोपऱ्यातल्याने पाय धरायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. बाकावर रोज त्याचा उद्धार व्हायचा. गुरुजी खडूने माझ्या दुकानाच्या फळीवर गडी मांडून दाखवायचे. काका म्हणायचे, शेठला मुंबईला कळवायला पाहिजे. शेठ म्हणजे कारखान्याचे मालक. त्यांना आमच्यातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं आणि त्यांनी आमचा संघ पाहिलेला नव्हता. तरी आम्ही त्यांच्याबद्दल असं बोलायचो, की जसं काही ते उद्या सकाळी माझ्याकडे पंक्चर काढायला येणार आहेत.

बातमी काकांनीच आणली. उसाच्या गाड्या घेऊन ते कारखान्यावर गेले होते आणि परत आले ते थेट दुकानात. बाकावर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "आपला गडी दिला."

"कुनाला दिला?" हवालदारांनी विचारलं.

"शेठचा दुसरा कारखाना हाय ना, तिकडं दक्षिनेत. तिकडच्या संघाला. आन् बदल्यात तिकडनं पॅनमन येनार हाय."

पॅनमन म्हणजे काय हे काकांनीच सांगितलं. उसाचा रस मोठ्या कढईसारख्या भांड्यात आटवत नेताना त्याला दाणा कधी धरतो, हे काचेतून बघून ओळखणारा माणूस. तो चांगला असेल तर साखर पांढरी, मोठ्या दाण्याची. तो अडाणी असेल तर सगळं काळं. असा माणूस मिळणं फार अवघड. आमच्या कारखान्याची साखर मागच्या हंगामात काळी पडली होती.

"म्हणजे माणसाला माणूस," गुरुजी म्हणाले.

"बैलाला बैल म्हना," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं साहेबांना भेटायला गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला बराच वेळ उन्हात उभं केलं. आत गेल्यावर मात्र साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. गुरुजींनी बोलायचं असं ठरलं होतं.

"साहेब, संघ गावाचा आहे," गुरुजींनी सुरुवात केली. "त्यातला मुख्य गडी असा बाहेर पाठवणं..."

"संघ गावाचा कसा?" साहेबांनी शांतपणे विचारलं. "मैदान कारखान्याचं. बनियन कारखान्याचे. पगार कोण देतं?"

"पगार कारखाना देतो. पण पोरं आमची आहेत."

"पोरं तुमची आहेत, मान्य. उद्या मी त्याचं काम बंद केलं तर गाव त्याला पोसेल?"

गुरुजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी चहाच्या कपात पाहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते पुढे म्हणाले ते समजावणीच्या सुरातच म्हणाले. "शेठचे चिरंजीव तिकडे असतात. त्यांना त्यांचा संघ मोठा करायचा आहे. त्यांनी हा मुलगा मागितला. मला पॅनमन हवा होता, मी तो मागितला. यात माझ्या हातात तरी किती आहे? तुम्ही सामने बघायला येत जा. तुम्हाला कोण अडवतंय?"

आम्ही चहा संपवला आणि उठलो. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "आमी इतका ऊस घालतो, आन् आमचं कुनी ऐकत न्हाई." हवालदार लंगडत पुढे निघाले. त्यांचा पाय दुखत होता, म्हणून आम्ही हळूहळू चाललो.

जायच्या आदल्या दिवशी तो गडी माझ्याकडे सायकल घेऊन आला. "मिस्तरी, चाकं बघून ठेवा. गाडीत टाकून न्यायची हाय."

मी चाक सोडवलं आणि आरे ताणू लागलो. तो बाकावर एकटाच बसला होता. बाकीचे अजून आले नव्हते.

"जाऊ नकोस म्हटलं तर?" मी विचारलं.

"मग काम जातंय. आई म्हनती जा. तिकडं राहायला खोली देनार हायेत."

"तू राजी हायेस का पन?"

त्याने जरा विचार केला. "तसं कुनी इचारलंच न्हाई मिस्तरी. म्हून मी बी इचार केला न्हाई."

मग थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "तिकडचे गडी लई दांडगे असत्यात म्हनत्यात. खरं का?"

मी म्हटलं, "असू दे. तुला कोन धरतंय?" तो हसला. चाक बसवून झाल्यावर त्याने एक चक्कर मारून पाहिली आणि तसाच पुढे घराकडे गेला. घरी मी आईला हे सांगितलं. आमच्या घरात दखनी बोलतात. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अपने हात में क्या है, बेटा?"

पॅनमन आले ते आठवड्याभरात. आम्ही त्यांना बघण्याआधीच त्यांचा राग करायला लागलो होतो. कुणी म्हणे तो फार दारू पितो, कुणी म्हणे त्याला काही येत नाही, नुसता शेठच्या मर्जीतला आहे. आणि मग एका दुपारी ते स्वतःच सायकल ढकलत दुकानात आले. कोल्हापूरकडचे, पन्नाशीकडे झुकलेले, डोळे लाल झालेले. त्या काचेतून उकळत्या रसाकडे बघून बघून त्यांचे डोळे तसे झाले होते. बाकावर तिघंही होते. कुणी सरकून जागा दिली नाही.

मी ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होतो. ते उभेच होते. मग ते म्हणाले, "तुमचा गडी गेला तो माझ्यापायी, असं कळलं मला."

मी ट्यूब पाण्यातून वर काढली.

"माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती," ते म्हणाले. "मी तिकडच्या साहेबांना म्हणालो, एवढं होऊ द्या, मग जातो. ते म्हणाले हंगाम कुणासाठी थांबतो का? मी हुतुतू कधी बघितलेलाही नाही. तुमच्या पोराचं नाव मला इथं आल्यावर कळलं."

हवालदार बाकाच्या टोकाला सरकले. "बसा," ते म्हणाले.

तेव्हापासून पॅनमनही बाकावर यायला लागले. खेळ त्यांना समजत नव्हता, पण ते ऐकत बसायचे. कुणीतरी कारकुनाला शिव्या घातल्या की मान हलवायचे. त्यांची नात झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले आणि मग रिकामा पुडा हातात चुरगळत बसले. शेवटी काकांनी त्यांना उसाबद्दल विचारलं.

त्या हिवाळ्यात नगरच्या सामन्यांत आमची गाठ शेठच्या दुसऱ्या कारखान्याशी पडली. आमच्या संघाची त्या हंगामात दैना झाली होती, पण पकड करणारे गडी जुनेच होते आणि पकडीच्या जोरावर आम्ही कसेबसे शेवटापर्यंत आलो होतो. चितळीहून पॅसेंजरने आम्ही पाचजण गेलो. पॅनमननी पाळी बदलून घेतली होती.

मैदान लष्करी छावणीच्या बाजूला होतं. गर्दी मोठी होती. आमचा गडी दुसऱ्या रंगाच्या बनियनमध्ये उतरला तेव्हा आमच्या लोकांत आधी टाळ्या पडल्या आणि मग त्या मधेच थांबल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. त्याने आमच्याकडे पाहिलं, हात वर केला. अंगाने भरला होता. तिकडे त्याला दूध मिळत असावं.

पहिल्या डावात त्याने आमचे गडी एकामागून एक मारले. काका एकदा चुकून "वा" म्हणाले आणि आजूबाजूचे त्यांच्याकडे बघू लागले. दुसऱ्या डावात आमच्या पोरांनी गुण भरून काढले. शेवटी अशी वेळ आली की त्याची एक चढाई आणि त्यावर सगळं.

तो आला. तोच खालच्या पट्टीतला आवाज. डाव्या पायावर झुकला. पण समोर जे उभे होते ते वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर बाजारतळामागे खेळलेले होते. ते हलले नाहीत. तो उजवीकडे वळला आणि कोपऱ्यातल्याने, जो त्याचा शाळेपासूनचा मित्र होता, त्याचा घोटा धरला. बाकीचे वरून आले. गुडघा एका बाजूला गेला आणि तो दुसऱ्या बाजूला पडला. दम तुटला. पंचाने शिट्टी वाजवली.

आम्ही जिंकलो होतो. लोकांनी आरोळी ठोकली, पण ती मैदानाच्या मधोमध येईपर्यंत विरली, कारण तो उठत नव्हता. कोपऱ्यातला गडी त्याच्याजवळ बसून "उठ ना, उठ ना" म्हणत होता. हवालदार लंगडत आत गेले, गुडघ्याला हात लावून त्यांनी पाहिलं आणि आपलं उपरणं घट्ट बांधलं. मी त्याचं डोकं धरून बसलो होतो.

"मिस्तरी," तो म्हणाला, "त्यांनी वळखलं मला."

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या कारखान्याच्या लोकांनी त्याला ट्रकमध्ये घातलं आणि नगरच्या दवाखान्यात नेलं. ढाल आमच्या कारकुनाने घेतली. परतीच्या गाडीत आम्ही ती पाहिलीही नाही. पॅनमन खिडकीशी बसून होते. चितळी येईपर्यंत ते एकदाच बोलले. "मी परत जातो म्हटलं तर त्याला परत देतील का?" असं त्यांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, "आता त्याला घेऊन कोण काय करणार?" ते फार कठोर होतं, पण खरं होतं.

आणि झालंही तसंच. गुडघा सांधला तो वाकडा. दुसऱ्या कारखान्याने त्याला खेळाडू म्हणून नेलं होतं, खेळता येत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला सोडून दिलं. आम्ही परत साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "तो तिकडचा माणूस. तिकडच्यांनी बघायला हवं." पॅनमन त्या वेळी आमच्याबरोबर होते. ते म्हणाले, "साहेब, त्याला माझ्या हाताखाली द्या, मी काम शिकवतो." साहेबांनी विचार करतो म्हटलं. पॅनमननी पुढं दोनतीनदा आठवण केली आणि दरवेळी साहेबांनी विचार करतो म्हटलं. मग पॅनमननी विचारणं सोडलं. आपलंच काम जाईल, अशी भीती त्यांना वाटायला लागली होती. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

तो घरी आला. आईबरोबर हार करायला लागला. गुरुवारी टोपलं घेऊन शिर्डीला जायचा, मी त्याची सायकल एका पायाने मारता येईल अशी करून दिली होती. त्याचा मित्र, तो कोपऱ्यातला, कितीतरी दिवस त्याच्या घरावरून जायचं टाळायचा. शेवटी आमचा गडीच त्या मित्राकडे गेला आणि म्हणाला, "अरे, मी बी तुला तसंच धरलं असतं."

लढाई संपली तरी टायर लगेच मिळाले नाहीत. कारखान्याने जुन्यातले एकदोघं ठेवून बाकी गडी बाहेरून आणले आणि नवा संघ उभा केला. आम्ही ठरवलं होतं की आता बघायला जायचं नाही. पहिला सामना लागला त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. मैदानावर गेलो तर काका आधीच येऊन बसले होते, गुरुजीही होते. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

काही महिन्यांनी आमचा तो जुना गडीही बाकावर येऊ लागला. पाय लांब करून टोकाला बसायचा. पहिले काही दिवस आम्ही त्याच्यासमोर संघाचं बोलणं टाळलं. बाजारभाव, पाऊस, फाळणीच्या उडत आलेल्या अफवा, असं काहीबाही बोलायचो. पण माणसं किती दिवस गप्प राहणार? एकदा कारकुनावरून विषय निघाला आणि मग बोलणं थांबलंच नाही.

त्या संध्याकाळी हवालदार म्हणत होते की पकड ढिली पडली आहे. गुरुजी म्हणत होते, दोष पकडीचा नाही, गडी चुकीचे उभे केले जातात. तो इतका वेळ ऐकत होता.

"कोपऱ्यातला बदलायला पायजे," तो म्हणाला. आपल्या मित्राबद्दलच बोलत होता. "त्येचं आता अंग जड झालं. वाकता येत न्हाई त्येला. दुसऱ्या कारखान्याला देऊन टाका आन् तिकडनं एखादा तरना गडी आना."

तो अगदी मनापासून, खेळ समजणाऱ्या माणसासारखा बोलत होता. आणि तो म्हणत होता ते बरोबरही होतं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. पॅनमन उठले, चप्पल पायात घातली आणि काम आहे म्हणून निघून गेले.

"खरं हाय का न्हाई, मिस्तरी?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "खरं हाय," आणि हातातल्या टायरात चिंध्या कोंबत राहिलो.